क्लोद बर्नार: स्वादुपिंडाचे काम उलगडणारा शास्त्रज्ञ

घरातल्या कुणाला पॅन्क्रिअ‍ॅटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाचा दाह, झाला की तुमच्या मनात प्रश्न येतो: दुखते पोट, मग डॉक्टर पुन्हा पुन्हा रक्त का तपासतात? फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांच्या कामातून याचे उत्तर समजते.

बर्नार यांचा जन्म १८१३ साली फ्रान्समधील सें-ज्युलियाँ गावी झाला. घरी द्राक्षमळ्याचे काम. ल्याँ शहरात औषधांच्या दुकानात उमेदवारी करताना ते नाटके लिहीत. नाटक घेऊन ते पॅरिसला गेले, तेव्हा एका समीक्षकाने त्यांना वैद्यक शिकण्याचा सल्ला दिला आणि त्यांनी तो मानला.

सशामध्ये स्वादुपिंडाची नळी पित्तनळीच्या बरीच पुढे आतड्याला मिळते. चरबी खाऊ घातलेल्या सशाच्या रसवाहिन्या त्या जागेनंतरच दुधाळ झालेल्या बर्नार यांना दिसल्या. म्हणजे चरबी पचवण्यात स्वादुपिंडाच्या रसाचा मोठा वाटा होता. १८५६ मध्ये त्यांनी स्वादुपिंडावर ग्रंथ लिहिला. कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नळीत पित्त व तेल सोडून त्यांनी तेथे दाहही निर्माण करून पाहिला.

रक्त हे पेशींचे अंतर्गत वातावरण आहे आणि ते स्थिर राहिले तरच शरीर नीट चालते, हा विचारही त्यांचाच. १८७८ मध्ये त्यांचे निधन झाले. फ्रान्सने त्यांना सरकारी इतमामात निरोप दिला.

आता तुमच्या प्रश्नाकडे येऊ. तांबड्या रक्तपेशीचे आवरण मुख्यतः चरबी आणि प्रथिनांचे असते. ते लवचीक असल्यामुळेच पेशी स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिन्यांतून वाकून पुढे जाते. तीव्र दाहात चरबी तोडणारी विकरे रक्तात वाढतात, शरीरभर दाह पसरतो आणि या आवरणाची इजा होऊ शकते. पेशी ताठर झाल्या की बारीक वाहिन्यांतील रक्तप्रवाह मंदावतो आणि अवयवांना ऑक्सिजन कमी पडू शकतो. फुप्फुसे व मूत्रपिंडे अडचणीत येण्यामागे इतर कारणांसोबत हेही एक असू शकते.

या आवरणाची वेगळी तपासणी सहसा करत नाहीत. म्हणून रुग्णाचा श्वास, लघवीचे प्रमाण, ऑक्सिजन व रक्ताचे अहवाल यांवर लक्ष ठेवले जाते. याविषयी डॉक्टरांना रोज विचारा.

पोटाच्या वरच्या भागातून पाठीकडे जाणारी तीव्र कळ, सतत उलट्या किंवा धाप लागणे अशी लक्षणे दिसली, तर घरी थांबू नका. लगेच रुग्णालयात जा. पित्ताशयातील खडे आणि दारू ही या आजाराची प्रमुख कारणे आहेत. बरे झाल्यावरही त्यांवर उपाय करायला विसरू नका.