जालन्यात राहून गेलेले अबुल फजल

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईहून आपले भाविक कामानिमित्त जालन्याला जात असतात. अकबर बादशहाचे विद्वान मंत्री अबुल फजल यांचे काही काळ त्याच जालन्यात वास्तव्य होते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. शाळेच्या पुस्तकात ‘ऐन-इ-अकबरी’चे कर्ते म्हणून त्यांचे नाव येते आणि तेथेच संपते. पवित्र शुभवर्तमानाशीही त्यांचा संबंध आला होता.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १५५१ रोजी आग्रा येथे झाला. वडील शेख मुबारक हे मोठे पंडित, पण स्वतंत्र विचारांचे. महदवी पंथाशी जवळीक असल्याच्या आरोपावरून दरबारी उलेमांनी त्यांचा छळ मांडला. कुटुंबाला घर सोडून लपतछपत दिवस काढावे लागले. धर्माच्या नावाने होणारा जाच अबुल फजल यांनी असा ऐन तारुण्यात भोगला.

इस्लामी धर्मविचारात बुद्धीला मान देणारी परंपरा जुनी आहे. आठव्या-नवव्या शतकांत बसरा व बगदाद येथील मुतझिला पंडितांनी ईश्वराचा न्याय मानवी बुद्धीला उमगतो, असे प्रतिपादन केले. मात्र ८३३ मध्ये खलिफा मामूनने त्यांचेच एक मत इतरांवर सक्तीने लादले. बुद्धिवादी मनुष्य सहिष्णु असतोच असे नाही! अबुल फजल यांच्या ठायी हे दोन्ही गुण एकत्र आले, त्याचे कारण ग्रंथांइतकेच त्या लपण्याच्या दिवसांतही असावे. पूर्वजांचे अंधानुकरण त्यांनी नाकारले आणि सर्वांशी सलोखा, म्हणजे सुलह-इ-कुल, हे राज्याचे धोरण म्हणून मांडले.

अकबराने १५७५ मध्ये फत्तेपूर सिक्री येथे इबादतखाना उभारला. तेथील चर्चेसाठी गोव्याहून येशूसंघीय फादर रुडॉल्फ अक्वाविवा, फादर अँथनी मोन्सेरात व फादर फ्रान्सिस हेन्रिकेस १५८० मध्ये पोहोचले. बादशहाने राजपुत्र मुराद याला त्यांच्याकडे शिकावयास ठेवले आणि शुभवर्तमानाच्या फारसी भाषांतराचे काम अबुल फजल यांच्याकडे सोपविले. पुढे फादर रुडॉल्फ गोव्यास परतले व २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे मारले गेले.

या चर्चेतील एक प्रसंग विचार करावयास लावणारा आहे. आपापला धर्मग्रंथ घेऊन अग्नीत शिरावे, ही कसोटी फादर रुडॉल्फ यांनीच सुचविली, असे अबुल फजल लिहितात. येशूसंघीयांच्या वृत्तान्तात ही सूचना मुसलमान पक्षाची असून फादरांनी ती नाकारली. देवाची परीक्षा पाहू नये ही ख्रिस्ती शिकवण ध्यानी घेता दुसरा वृत्तान्त अधिक पटतो. तथापि अबुल फजल यांनी त्या प्रसंगात आपल्या फादरांनाच वरचढ दाखविले आहे, हे विसरता येत नाही.

त्यांच्यात दोषही होते. बादशहाची स्तुती करताना त्यांच्या लेखणीला धरबंध राहत नसे आणि विरोधी उलेमांविषयी ती कडवट होई.

१५९९ मध्ये त्यांना दख्खनला धाडण्यात आले. त्याच सुमारास मुराद पूर्णा नदीकाठी मरण पावला आणि विस्कळीत फौज अबुल फजल यांनी सावरली. १६०० मध्ये अहमदनगर व १६०१ मध्ये असीरगड मोगलांच्या हाती आला. १६०२ मध्ये बादशहाने त्यांना माघारी बोलाविले. बंडखोर राजपुत्र सलीम याच्या सांगण्यावरून ओरछाच्या वीरसिंह देव बुंदेल्याने ऑगस्टमध्ये ग्वाल्हेरजवळ त्यांना वाटेतच ठार केले व मस्तक सलीमकडे अलाहाबादला पाठविले. पुढे जहांगीर झालेल्या सलीमने हे कृत्य आपल्या आठवणींत स्वतःच नमूद केले आहे. अबुल फजल यांची कबर ग्वाल्हेरजवळ आंतरी येथे आहे.