मलिक अंबर : मालकाने ठेवलेले नाव इतिहासात कसे टिकले?

‘अंबर’ म्हणजे काय?
इथे अंबर म्हणजे आकाश नव्हे. हा अरबी शब्द आहे. तस्करीच्या बातम्यांत ‘व्हेलची उलटी’ म्हणून ज्याचा उल्लेख येतो, तोच हा महागडा सुगंधी पदार्थ.

हे नाव का पडले?
१५४८च्या सुमारास इथिओपियात जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि मालकाने त्याचे नाव अंबर ठेवले. गुलामांना रत्नांची, सुगंधांची नावे देण्याची तेव्हा पद्धत होती. याकूत म्हणजे माणिक, मरजान म्हणजे पोवळे. नाव मौल्यवान, माणूस मात्र विकाऊ.

नगरशी संबंध काय?
निझामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा पेशवाही एकेकाळचा हबशी गुलामच. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर) किल्ला घेतला. तेव्हा अंबरने दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून निझामशाही तगवली. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीत त्याने मोगल-आदिलशाही फौजांना हरवले. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते.

आणि ‘मलिक’?
मलिक म्हणजे राजा, अधिपती. ‘अंबर’ मालकाने दिले. ‘मलिक’ त्याने कमावले. १६२६ मध्ये त्याचे निधन झाले. कबर खुलताबादला आहे.