पिवळ्या गळ्याची चिमणी : डॉ. सलीम अली यांचे जीवन

प्रास्ताविक



ज्वारीचे कणीस दाण्यावर आले की शेतातल्या माळ्यावर चढून, हातात गोफण घेऊन पाखरे राखण्याचे काम तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी केले असेल. परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेड या परिसरातील शेतकरी कुटुंबात वाढणाऱ्या मुलाची पक्ष्यांशी पहिली ओळख पुष्कळदा अशीच होते. पक्षी हा पीक खाणारा चोर असतो आणि त्या चोराला एकच नाव असते, ते म्हणजे पाखरू. एखादे चौकस मूल कणसावर बसलेल्या पक्ष्याकडे बोट दाखवून हे कोणते पाखरू, असे विचारते. त्यावर हाकल त्याला, एवढेच उत्तर त्याला मिळते. प्रश्न तिथेच संपतो आणि हळूहळू मूल प्रश्न विचारणेही सोडून देते.

प्रस्तुत लेखात आपण अशा एका माणसाचे जीवन पाहणार आहोत, ज्याच्या बालपणीच्या अशाच एका प्रश्नाला नेमके उत्तर मिळाले. त्या उत्तरातून भारतातील पक्षी-अभ्यासाला एक नवे वळण लागले. वाचताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे. या चरित्रात कोण कोणाला काय दाखवतो, याची नोंद आपल्या वहीत करीत जावे. लेखाच्या शेवटी तिचा उपयोग होईल.

बालपण आणि एक प्रश्न

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. ते एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या भावंडांना खेतवाडीतील आपल्या घरी वाढवले. मामांना शिकारीची आवड होती. त्यामुळे घरात बंदुका होत्या, शिकारीच्या गोष्टी होत्या आणि लहान सलीमच्या हातात छर्‍यांची एक छोटी बंदूक होती.

दहा-बारा वर्षांच्या या मुलाने एके दिवशी त्या बंदुकीने एक चिमणी मारली. उचलून पाहिले तेव्हा ती नेहमीची चिमणी वाटेना. आकार तोच, रंगही बराचसा तसाच. पण गळ्यावर पिवळा डाग. हा पक्षी कोणता, असे त्याने मामांना विचारले. मामांना ते सांगता आले नाही. मात्र त्यांनी काहीतरी नाव ठोकून दिले नाही की प्रश्न झटकून टाकला नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे त्यांनी ओळखचिठ्ठी दिली आणि मुलाला त्यांच्याकडे पाठवले.

त्या काळी एका हिंदी मुलाने एका इंग्रज सचिवाच्या दालनात जाऊन प्रश्न विचारणे ही सहज गोष्ट नव्हती. मिलार्ड यांनी त्या मुलाचे आपुलकीने स्वागत केले. मेलेला पक्षी हातात घेऊन नीट पाहिला आणि त्याचे नाव सांगितले. मराठीत तिला पीतकंठी चिमणी किंवा रानचिमणी म्हणतात. एवढ्यावर ते थांबले नाहीत. संग्रहाची कपाटे उघडून त्यांनी भुसा भरून जतन केलेले पक्षी मुलाला दाखवले, वाचायला पुस्तके दिली आणि पक्ष्यांचे नमुने कसे टिकवायचे, त्यांच्या नोंदी कशा ठेवायच्या, हे शिकण्याची वाट मोकळी करून दिली.

या प्रसंगाचा थोडा विचार करू. इथे दोन प्रौढ माणसे आहेत. एकाला उत्तर माहीत नव्हते, म्हणून त्याने माहीत असणाऱ्याकडे धाडले. दुसऱ्याला उत्तर माहीत होते, म्हणून त्याने मुलाला त्याही पुढचे दाखवले. मुलाच्या जिज्ञासेला या दोघांचीही गरज असते. आपल्याला प्रत्येक पक्ष्याचे नाव ठाऊक असलेच पाहिजे असे नाही. विचारणाऱ्याला वाट दाखवता आली तरी पुष्कळ होते.

खंडित शिक्षण

आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण कुठे ना कुठे तुटलेले आहे. संसार, शेती, नोकरी यांतून वेळ काढून आपण पुन्हा पुस्तक हातात घेतले आहे. म्हणून चरित्राचा हा भाग आपल्याला विशेष जवळचा वाटेल. सलीम अली यांचे शालेय शिक्षण सलग झाले नाही. डोकेदुखीच्या त्रासामुळे त्यांना काही काळ शाळा सोडून सिंध प्रांतात राहावे लागले. १९१३ साली ते मॅट्रिकची परीक्षा जेमतेम उत्तीर्ण झाले. त्यानंतर कुटुंबाचा खाणव्यवसाय पाहण्यासाठी ते ब्रह्मदेशातील तवॉय येथे गेले. व्यवसायात त्यांचे मन रमले नाही. भोवतालच्या जंगलाने मात्र त्यांना भरभरून दिले.

१९१७ साली मुंबईला परतल्यावर ते वाणिज्य महाविद्यालयात कायदा आणि हिशेब शिकू लागले. पक्ष्यांची ओढ ओळखून सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर ब्लॅटर यांनी त्यांना प्राणिशास्त्राकडे वळवले. १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातील पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळू शकली नाही, कारण विद्यापीठाची पदवी जवळ नव्हती.

१९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये नव्याने सुरू झालेल्या निसर्गविज्ञान विभागात ते मार्गदर्शक व्याख्याता झाले. कपाटांत मांडलेले प्राणी आणि पक्षी येणाऱ्या लोकांना समजावून सांगणे, हे त्यांचे काम होते. ज्याच्यासाठी कधीकाळी कपाटे उघडली गेली होती, तो आता इतरांसाठी कपाटे उघडीत होता. पण बंद कपाटातील पक्ष्यांवर त्यांचे समाधान होईना. १९२८ मध्ये ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन श्ट्रेसमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्राचे शास्त्रशुद्ध धडे घेतले. १९३० साली परत आले, तेव्हा पैशांअभावी त्यांची जागाच रद्द झालेली होती.

किहीमची सुगरण

नोकरी गेलेल्या माणसाने मुंबई सोडली आणि अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी मुक्काम हलवला. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्याचे दिवस होते. सलीम अली तासन्‌तास बसून त्यांची घरटी पाहत राहिले आणि पाहिलेले टिपत राहिले.

भाषेचे अभ्यासक म्हणून आपण इथे क्षणभर थांबले पाहिजे. सुगरण हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी आहे. स्वयंपाकात आणि घरकामात निपुण असलेल्या स्त्रीला आपण सुगरण म्हणतो. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लोंबणारे ते देखणे घरटे पाहून आपल्या पूर्वजांनी विणणारीला हेच नाव दिले. बहिणाबाई चौधरी यांच्या सर्वपरिचित कवितेतही घरटे विणते ती आईच. कवितेचे सत्य निराळे असते. मातेच्या कष्टाची ती प्रतिमा आपल्या जागी अबाधित आहे. किहीमच्या झाडांवर मात्र सलीम अलींना वेगळे दृश्य दिसले.

घरटे विणणारा पक्षी नर होता. विणीच्या हंगामात ज्याचे डोके पिवळेधमक होते, तो नर गवताच्या पात्यांच्या लांब चिरफळ्या काढून आणतो आणि घरटे अर्धे विणतो. मग माद्या येऊन ही अर्धवट घरटी तपासतात. एखादे पसंत पडले तर मादी त्याचा ताबा घेते. नर पुढचे विणकाम पुरे करतो आणि आतली बिछायत मादी करते. मादी अंड्यांवर बसली की नर शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. तुमच्या विहिरीवरच्या बाभळीला नळी नसलेली, अर्धवट सोडलेली घरटी तुम्ही पाहिली असतील. विणणाऱ्याने आळस केला म्हणून ती तशी राहिलेली नसतात. बहुधा ती कोणा मादीला पसंत पडलेली नसतात.

हे निरीक्षण सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि सलीम अलींचे नाव अभ्यासकांपर्यंत पोहोचले. आपल्यासाठी यातील बोध असा की, शब्द आपल्याला वस्तूपर्यंत नेतो. तिथे पोहोचल्यावर डोळे उघडे ठेवण्याचे काम आपले असते. मुलाला सुगरण हा शब्द जरूर शिकवावा आणि मग त्याला बाभळीखाली नेऊन विणणारा कोण, हे त्याचे त्यालाच शोधू द्यावे.

हैदराबाद संस्थानची पाहणी

हाताला काम नसताना सलीम अलींनी एक मार्ग काढला. ज्या संस्थानांतील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी झालेली नव्हती, तिथे जाऊन आपण ती विनामोबदला करू. प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च तेवढा संस्थानाने करावा, असा त्यांचा प्रस्ताव होता. १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानात हे काम झाले. आपला परभणी जिल्हा त्या वेळी निजामाच्या याच संस्थानात होता आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तो हैदराबाद राज्यातच राहिला. आपल्या माळरानांवरची टिटवी, बांधावरचा तितर, तारेवरचा कोतवाल आणि बाभळीतला होला ज्या मुलखात राहतात, त्या मुलखाच्या पक्षिजीवनाची अशी ही नोंद होती. राहुट्यांचा संसार तेहमिना बेगम यांनी सांभाळला. शहरी सुखसोयींत वाढलेल्या या स्त्रीने पतीबरोबर रानोमाळ फिरणे आनंदाने स्वीकारले. १९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सलीम अलींनी पुन्हा विवाह केला नाही.

ओळखीच्या पक्ष्यावरून अनोळखी पक्ष्याकडे

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. सामान्य वाचकाला हाताशी धरून पक्षी ओळखायला शिकवणारे हे पुस्तक होते. त्यातील एक युक्ती शिक्षकांनी आणि पालकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. पक्ष्याचा आकार सांगताना त्यांनी ओळखीच्या पक्ष्यांचे माप वापरले. हा चिमणीएवढा, हा बुलबुलाएवढा, हा साळुंकीहून मोठा, अशी ती रीत होती. मोजपट्टी घेऊन कोणी पक्ष्यामागे धावू शकत नाही; पण चिमणी आणि कावळा प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो. माहीत असलेल्यापासून माहीत नसलेल्याकडे नेणे हे अध्यापनाचे जुने तत्त्व इथे सहजपणे राबवलेले दिसते. पुढे राष्ट्रीय पुस्तक न्यासासाठी लईक फतेहअली यांच्यासह त्यांनी नेहमी दिसणाऱ्या पक्ष्यांवर एक छोटे पुस्तक लिहिले, तर डिलन रिप्ली यांच्यासह भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात सिद्ध केला.

शासनाने त्यांना १९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण देऊन गौरवले. भरतपूरचे पाणपक्ष्यांचे वन आणि केरळातील सायलेंट व्हॅली वाचावी, यासाठी त्यांनी आपले वजन खर्ची घातले. १९८५ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. त्याच वर्षी निघालेल्या आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी चिमणीलाच स्थान दिले. १९८७ साली मुंबईत, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

समारोप

या चरित्रातील एक बोचणारी गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. या साऱ्याची सुरुवात एका पक्ष्याच्या मरणाने झाली. पुढेही अभ्यासासाठी नमुने गोळा करताना सलीम अलींनी पक्षी मारले. त्या काळच्या शास्त्राची ती रीत होती आणि त्यांनी ती लपवली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि दुर्बीण व कॅमेरा हाताशी आल्यानंतर आपल्या मुलांना त्या वाटेने जाण्याचे कारण उरलेले नाही. मात्र गलोलीने पाखरू पाडून घरी आणलेल्या मुलाला केवळ दोन धपाटे घालून भागत नाही. पाखरू मारू नये, हे त्याला समजावलेच पाहिजे. त्याबरोबर त्याच्या हातातल्या पक्ष्याचे नावही सांगितले पाहिजे. ज्याचे नाव, घर आणि खाणे आपल्याला ठाऊक आहे, त्याच्यावर दगड उचलताना हात जड होतो.

माळ्यावरच्या गोफणीपाशी पुन्हा येऊ. कणीस राखणे हे शेतकऱ्याच्या पोटाचे काम आहे; ते करावेच लागते. पण जी सुगरण दाणे टिपते, तीच आपल्या पिल्लांना किडे आणि अळ्या भरवते, हेही त्या माळ्यावरच्या मुलाला कळले पाहिजे. तेव्हा पुढच्या वेळी कोणी लहानग्याने हे कोणते पाखरू असे विचारले, तर गोफण क्षणभर खाली ठेवावी आणि त्याच्याबरोबर आपणही नीट पाहावे.

स्वाध्याय

१. सलीम अली यांच्या जीवनात कोणी कोणाला काय दाखवले, याची आपल्या नोंदींच्या आधारे मांडणी करा.

२. सुगरण या शब्दाचे लिंग आणि प्रत्यक्ष पक्ष्याचे वर्तन यांतील फरक आपल्या शब्दांत स्पष्ट करा.

३. आपल्या गावातील पाच पक्ष्यांची स्थानिक नावे घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून लिहा. शक्य असल्यास हे काम एखाद्या लहान मुलाला सोबत घेऊन करा. प्रत्येक पक्षी चिमणी, साळुंकी किंवा कावळा यांच्या तुलनेत केवढा आहे, तेही नोंदवा.