बहिणीच्या वहीतले वचन



१ ऑक्टोबर हा बाळ येशूच्या संत तेरेजाचा सण. आपल्यापैकी अनेकांच्या घरी तिची तसबीर आहे. कार्मेलचा झगा, हातात क्रूस, क्रुसावर गुलाबाची फुले. लाडाने आपण तिला छोटी तेरेजा म्हणतो.

रोज बायबल वाचतो, पण दिवसभरात त्यातले काही उरत नाही, अशी तक्रार आम्ही अनेकांकडून ऐकतो. खरे सांगायचे तर ती आमचीही तक्रार आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एका वाक्याचे चार अर्थ लावायला आम्ही शिकलो. पण सकाळच्या मिस्सात क्षमेवर प्रवचन द्यायचे आणि दुपारी दाखला मागायला आलेल्या माणसावर आवाज चढवायचा, असे प्रसंगही आमच्या खाती जमा आहेत. वचन समजते, पण ते जिना उतरून आपल्याबरोबर खाली येत नाही. तेरेजाच्या बाबतीत ते कसे उतरले, हे या आठवड्यात पाहू या.

तेरेजा मार्टिनचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्समधील आलेन्सों या गावी झाला. वडील लुई घड्याळजी होते, आई झेली लेस बनवण्याचा व्यवसाय सांभाळी. नऊ मुलांपैकी पाच मुली जगल्या. तेरेजा सर्वांत धाकटी. ती पाच वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा, २८ ऑगस्ट १८७७ रोजी आई कर्करोगाने गेली. वडील मुलींना घेऊन लिझ्यू येथे मुलींच्या मामाच्या आसऱ्याला राहायला गेले. पोलीन या थोरल्या बहिणीला तेरेजाने आई मानले. १८८२ साली पोलीनही कार्मेलच्या मठात गेली. दुसऱ्यांदा आई हरपलेली ही मुलगी इतकी हळवी झाली की, कोणी जरा बोलले तरी डोळ्यांत पाणी येई.

१८८६ च्या नाताळच्या रात्री मिस्साहून परतल्यावर वडिलांचा थकलेला, त्रासिक शब्द तिच्या कानी पडला. एरवी ती रडत बसली असती. त्या रात्री तिने डोळे पुसले आणि वडिलांसमोर बसून हसत हसत आपल्या भेटवस्तू उघडल्या. त्या दिवसापासून आपण स्वतःला विसरायला शिकलो, असे ती मानत असे. २० नोव्हेंबर १८८७ रोजी रोममध्ये तिने पोप लिओ तेरावे यांच्या पायाशी बसून मठात जाण्याची परवानगी मागितली. ९ एप्रिल १८८८ रोजी, वयाच्या पंधराव्या वर्षी, ती लिझ्यूच्या कार्मेलमध्ये दाखल झाली.

आता महत्त्वाची गोष्ट. आपल्या प्रत्येक घरात बायबल आहे. तेरेजाजवळ स्वतःचे संपूर्ण बायबल नव्हते. शुभवर्तमाने मात्र ती सतत छातीशी बाळगी. प्रार्थनेत तिला गोडवा वाटे असेही नाही. ती कोरडी प्रार्थना करी, कधी कधी प्रार्थनेत तिला झोपही लागे. त्याच काळात वडिलांना मानसिक आजार जडला. तीन वर्षे त्यांना कां येथील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. लोक काय काय बोलत, तेही मठात पोहोचे. २९ जुलै १८९४ रोजी वडील वारले.

वडिलांची सेवा करणारी सेलीन ही बहीण त्याच सप्टेंबरमध्ये मठात आली. येताना तिने एक वही आणली होती. तिच्यात जुन्या करारातील उतारे हाताने उतरवून घेतलेले होते. या वहीत तेरेजाला दोन वचने सापडली. नीतिसूत्रांतील एक, जे लहानांना जवळ बोलावते (९:४). दुसरे यशयाचे. त्यात आई मुलाला कडेवर घेते, मांडीवर खेळवते, तसे देव आपले सांत्वन करील असे अभिवचन आहे (६६:१२-१३). आईविना वाढलेल्या मुलीने हे वचन कसे वाचले असेल, याचा विचार करा. पूर्णतेचा जिना चढायला आपण फार लहान आहोत, ही तिची खंत होती. श्रीमंतांच्या घरी त्या काळी नव्यानेच लिफ्ट आली होती. येशूचे हात हीच आपली लिफ्ट, असे तिने ठरवले. लहान असणे ही अडचण राहिली नाही. तिच्या ‘लहान मार्गा’चे मूळ एका उसन्या वहीतल्या दोन वचनांत आहे.

योहानाच्या शुभवर्तमानातील नव्या आज्ञेवर (१३:३४) तिने असेच मनन केले. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, ही जुनी आज्ञा. येशूने केली तशी प्रीती करा, ही नवी. एवढे प्रेम आपल्याजवळ नाही, हे तिला लगेच कळले. म्हणून येशूनेच आपल्यामधून प्रेम करावे, अशी तिने विनवणी केली आणि ती कामाला लागली. मठात एक वृद्ध, आजारी आणि कुरकुऱ्या भगिनी होत्या. त्यांना रोज संध्याकाळी हात धरून भोजनगृहात न्यावे लागे. जलद चालले तरी बोलणी, हळू चालले तरी बोलणी. तेरेजा त्यांना नेऊन बसवी, ताटातला पाव कापून देई आणि निघताना हसे. कपडे धुताना समोरची भगिनी घाणेरडे पाणी तोंडावर उडवी, तर ती मागे सरत नसे. एक भगिनी तिला मुळीच आवडत नसे. तिच्याशी ती इतक्या प्रेमाने वागली की, माझ्यात तुला एवढे काय आवडते, असे त्या भगिनीनेच एकदा विचारले. या गोष्टी ऐकायला किरकोळ आहेत. घरात सासू-सून, भाऊ-भाऊ, शेजारी-शेजारी रोज एकत्र राहतात. त्यांना त्यांची किंमत ठाऊक आहे.

१८९६ च्या पवित्र आठवड्यात तिच्या तोंडून प्रथम रक्त पडले. क्षयरोग होता. पाठोपाठ विश्वासाची काळोखी रात्र आली. स्वर्ग आहे की नाही, असे विचार मनात घोंघावू लागले आणि ते मृत्यूपर्यंत पुरते गेले नाहीत. तिने स्वतःच्या रक्ताने विश्वासांगीकार लिहिला आणि शुभवर्तमानांच्या पुस्तकात घालून हृदयाशी ठेवला. याच अंधारात, सप्टेंबर १८९६ मध्ये, तिने संत पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र उघडले. तिला मिशनरी, धर्मगुरू, रक्तसाक्षी असे सगळेच व्हायचे होते. बाराव्या अध्यायात तिला वाचायला मिळाले की, सगळेच प्रेषित होत नाहीत. समाधान झाले नाही. तिने पुस्तक मिटले नाही, पुढे वाचले. तेराव्या अध्यायात तिला उत्तर मिळाले. ख्रिस्तसभेला हृदय आहे आणि त्या हृदयात आपण प्रीती व्हायचे. आपण बहुधा बाराव्या अध्यायाशीच थांबतो.

३० सप्टेंबर १८९७ रोजी, २४ व्या वर्षी, ती प्रभूकडे गेली. वर्षभराने तिची आत्मकथा प्रसिद्ध झाली. १७ मे १९२५ रोजी ती संत झाली. १९२७ मध्ये तिला मिशनकार्याची आश्रयदाती घोषित करण्यात आले. मठात आल्यावर कधी बाहेर न पडलेली ही भगिनी, जुन्या गोव्यात विसावलेल्या संत फ्रान्सिस झेवियरच्या जोडीला बसली! १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला ख्रिस्तसभेचे आचार्यपद दिले. २०१५ मध्ये तिचे आईवडीलही संत झाले.

या आठवड्यात एक करून पाहू या. आजच्या शुभवर्तमानातले एकच वचन वहीत किंवा चिठ्ठीवर हाताने उतरवून घ्या. चिठ्ठी खिशात किंवा पर्समध्ये ठेवा. लोकलमध्ये, वाडीत, स्वयंपाकघरात दिवसातून एकदा ती काढून वाचा. मग ज्याच्याशी बोलणे जड जाते त्या एका माणसाशी त्या वचनाप्रमाणे वागा. गोडवा वाटला नाही तरी चालेल, तेरेजालाही वाटत नव्हता. आम्हीही एक चिठ्ठी कार्यालयाच्या टेबलावर ठेवणार आहोत. दाखला मागायला याल तेव्हा ती पाहून खुशाल आम्हाला आठवण करून द्या.

हे प्रभू, तुझे वचन आमच्या ओठांवर आहे. छोट्या तेरेजाच्या विनंतीने ते आमच्या हातापायांत उतरू दे. आमेन.