फ्लॉरेन्स नाइटिंगेल : दिवा आणि आकडे

हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. पण ही बाई पक्की गणितवेडी होती आणि इस्पितळांतल्या मृत्यूंचे आकडे जाहीर करून तिने डॉक्टर मंडळींचा रोष ओढवून घेतला, हे किती जणांना माहीत आहे?

१२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात तिचा जन्म झाला. शहराचंच नाव तिला मिळालं. तिने नर्स व्हायचं म्हटल्यावर घरात वादळ उठलं, कारण तेव्हा ते काम हलकं समजत. पण बाई हट्टी! नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिका घेऊन ती क्रिमियन युद्धासाठी तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचली.

तिथे सैनिक जखमांपेक्षा पटकी, हगवण आणि तापानेच जास्त मरत होते. फेब्रुवारी १८५५ मध्ये शंभर रुग्णांमागे ४२ दगावत होते. मार्चमध्ये सरकारी स्वच्छता आयोग आला, गटारं साफ झाली, हवा खेळू लागली. जूनपर्यंत हेच प्रमाण शंभरात २ वर आलं. युद्धानंतर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर तिने सगळे आकडे तपासले. निष्कर्ष तिच्या स्वतःच्या इस्पितळालाही लागू होता : नुसत्या सेवेने भागत नाही, आधी घाण हटली पाहिजे. तिने तो लपवला नाही. उलट १८५८ मध्ये रंगीत वर्तुळाकार आलेख काढून सरकारपुढे ठेवला. त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला सभासद करून घेतलं. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

मग तिने इस्पितळांकडे मोर्चा वळवला. प्रत्येक इस्पितळ आपापल्या पद्धतीने नोंदी ठेवी. तुलना करणार कशी? १८६० मध्ये तिने सगळ्यांसाठी एकच तक्ता सुचवला. १८६३ मध्ये आपल्या पुस्तकात तिने फारचे आकडे छापले : लंडनच्या २४ इस्पितळांत मृत्यूचं प्रमाण शंभरात ९० च्या वर! एकच गहजब झाला.

गोम होती छेदात. फारने वर्षभरातल्या मृत्यूंना एका ठराविक दिवशी भरती असलेल्या रुग्णांनी भागलं होतं. समजा, इस्पितळात एका वेळी १०० रुग्ण असतात, वर्षभरात १००० येऊन जातात आणि ९० मरतात. शंभराने भागलं तर ९० टक्के, हजाराने भागलं तर ९ टक्के. इस्पितळ तेच, मृत्यू तेवढेच! डॉक्टरांचा आक्षेप रास्त होता. पण नाइटिंगेललाही दुसरी एक चलाखी ठाऊक होती. काही इस्पितळं मरणाच्या दारातला रुग्ण दुसरीकडे धाडत, म्हणजे मृत्यू दुसऱ्याच्या खात्यावर! म्हणून रुग्णाचं वय, आजार, तो किती दिवस राहिला, हे सगळं नोंदवा असा तिचा आग्रह होता.

आजही हाच प्रश्न आहे. आपल्या सीपीआरसारख्या सरकारी दवाखान्यात दूरदूरच्या गावांहून गंभीर रुग्ण येतात. त्याची तुलना मोतीबिंदूची ऑपरेशनं करणाऱ्या दवाखान्याशी कशी करणार? म्हणून आता असे रुग्ण पाहता किती मृत्यू अपेक्षित होते हे आधी काढतात, मग प्रत्यक्ष आकडा त्याशेजारी ठेवतात. न्यूयॉर्क राज्याने १९९० पासून हृदय शस्त्रक्रियांचे आकडे याच रीतीने जाहीर केले.

हिंदुस्थानात ती कधीच आली नाही. तरी इथल्या गोऱ्या फौजेत दरवर्षी हजारी ६९ माणसं मरतात, हे १८६३ च्या अहवालातून उघड करण्यात तिचा मोठा वाटा होता. पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही खेड्यांच्या आरोग्याबद्दल तिचा पत्रव्यवहार झाला. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदीत, तिने देह ठेवला.

आपल्याकडे प्लेसमेंटचे टक्के ऐकले की आपण लगेच विचारतो, "कितीपैकी?" दवाखान्याचा आकडा ऐकतानाही तेच विचारायला हवं. छेद चुकला तर आकडा फसवतो हे खरं, पण आकडा दडवला तर माणूस जातो. म्हणूनच चुकीची भीती असूनही ती आकडे छापत राहिली.