बाबासाहेबांची पक्षबांधणी : सभासद, ठराव, हिशेब आणि शिस्त

देशाची घटना कोणी लिहिली, हे आपल्या वस्तीतले शाळकरी पोरही सांगेल. पण त्याच बाबासाहेबांनी दोन पक्ष उभे केले आणि तिसऱ्याची आखणी केली. पक्षाचा कारभार कसा चालावा, पैसा कुठे ठेवावा, पुढारी कसा घडवावा, युती कोणाशी करावी आणि कोणाशी करू नये, याचाही आयुष्यभर विचार केला. त्याबद्दल आपल्या चळवळीत फारसे बोलले जात नाही. नव्याने शाखा काढणाऱ्या, छोट्या पक्षात काम करणाऱ्या तरुणांनी बाबासाहेबांचे चरित्र एकदा या बाजूनेही वाचले पाहिजे.

पहिली संस्था, पहिली कार्यकारिणी

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन असा शिक्षणाचा प्रवास करून १९२३ मध्ये मुंबईत परतले. दुसऱ्याच वर्षी, ९ मार्च १९२४ रोजी, परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी बैठक बोलावली आणि २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेचे अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतले नाही. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते. बाबासाहेब व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष, सीताराम शिवतरकर चिटणीस आणि निवृत्ती जाधव खजिनदार झाले. म्हणजे मान एकाकडे, रोजचा कारभार दुसऱ्याकडे, दप्तर तिसऱ्याकडे आणि पैसा चौथ्याकडे. पुढच्याच वर्षी या सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. भाषणे तेव्हा अनेक पुढारी करत होते. नियमाने चालणारी संस्था मात्र फार थोड्यांनी उभी केली.

महाड : हजारोंच्या सभेतही ठराव

१९२७ हे वर्ष महाडचे. मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले. पण त्याआधीच सनातन्यांनी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हजारो लोक जमलेले, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झालेले, रक्त तापलेले. सत्याग्रहास तयार असणाऱ्यांची नावे नोंदवून घेतली गेली. वक्त्यांमागून वक्ते सत्याग्रह व्हावा म्हणून बोलले. बाबासाहेबांनी सगळ्यांचे ऐकून घेतले. मग कायद्याची लढाई आणि रस्त्यावरची लढाई यांतला फरक समजावून सांगत सत्याग्रह तूर्त स्थगित ठेवण्याचा विचार सभेपुढे मांडला आणि २७ डिसेंबरला सभेने तो मान्य केला. लोकांनी तळ्याभोवती शांततेने मिरवणूक काढली. पुढे न्यायालयातली ती लढाई मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयात आपल्या बाजूने संपली.

यात शिकण्याची गोष्ट ही की, नेत्याचा शब्द शेवटचा मानला जात असतानाही निर्णय सभेपुढे आला, त्यावर चर्चा झाली आणि तो सभेच्या नावाने झाला. घरी परतणाऱ्या माणसाला निर्णय आवडो न आवडो, तो आपला आहे एवढे त्याला ठाऊक होते.

स्वतंत्र मजूर पक्ष

१९३५ च्या कायद्याने प्रांतिक निवडणुका आल्या आणि ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. नावापासूनच हा पक्ष एका जातीचा नव्हता. शेतकरी, कुळे आणि गिरणी कामगार हा त्याचा पाया, आणि जाहीरनामा म्हणजे कामांची यादीच. १९३७ च्या निवडणुकीत पक्षाने मोजकेच उमेदवार उभे केले आणि त्यांतले बहुतेक निवडून आले. त्यात नाशिकचे भाऊराव गायकवाड होते, पुण्याचे राजाराम भोळे होते, तसेच कोकणातून सर्वसाधारण जागांवर लढलेले अनंतराव चित्रे आणि शामराव परुळेकरही होते.

पक्ष लहान होता, पण विधिमंडळातले काम आणि रस्त्यावरचे काम त्याने एकमेकांना जोडले. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये त्याच मागणीसाठी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर आला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध गिरणी कामगारांचा संप झाला. सभागृहातही पक्षाने त्या विधेयकाला विरोध केला. आत एक आणि बाहेर एक, असे झाले नाही. आजच्या भाषेत यालाच आपण पक्षशिस्त म्हणतो.

फेडरेशन : अध्यक्ष दुसराच

१९४२ मध्ये क्रिप्स योजना आली आणि अस्पृश्यांच्या वतीने बोलणारा देशव्यापी पक्ष हवा, हे स्पष्ट झाले. मजूर पक्षाचा आधार वर्ग होता आणि त्याची ताकद मुख्यतः मुंबई इलाख्यात होती. म्हणून जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत ऑल इंडिया शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. बाबासाहेब त्याच सुमारास व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले होते. फेडरेशनचे अध्यक्ष मद्रासचे एन. शिवराज झाले आणि सरचिटणीस पुण्याचे पां. ना. राजभोज.

याच काळात बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट केली. निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळ्या संस्था काढल्या. शिक्षणासाठी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी, पुढे धम्मकार्यासाठी १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा. पक्ष हरला तर कॉलेज बंद पडू नये आणि कॉलेजचा पैसा निवडणुकीत उडू नये, एवढी सोय या रचनेत आपोआप होते. पक्ष फुटला तरी या संस्था टिकल्या, त्यामागे हेही एक कारण आहे.

फेडरेशनच्या वाट्याला यश थोडे आले. १९४६ च्या निवडणुकीत बहुतेक ठिकाणी पराभव झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये फेडरेशनने पुण्यात विधिमंडळासमोर सत्याग्रह केला आणि शेकडो कार्यकर्ते तुरुंगात गेले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीआधी काढलेल्या जाहीरनाम्यात युतीच्या अटीही लिहून ठेवल्या होत्या. हिंदू महासभा, रा. स्व. संघ यांसारख्या संघटनांशी हातमिळवणी नाही आणि कम्युनिस्ट पक्षाशीही नाही. युती समाजवाद्यांशी झाली. कोणाबरोबर बसायचे हे निवडणुकीच्या रात्री नव्हे, आधीच छापून मतदारांना सांगितले गेले. त्या निवडणुकीत बाबासाहेब स्वतः उत्तर मुंबईतून पडले. राजभोज मात्र सोलापुरातून लोकसभेवर गेले. १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूकही हातची गेली.

भिक्खू संघाकडून घेतलेला धडा

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या अखेरच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी बौद्ध भिक्खू संघाची आठवण काढली. सभेत कोणी कुठे बसावे, ठराव कसा मांडावा, गणपूर्ती किती असावी, मते कशी मोजावीत, गुप्त मतदान कसे घ्यावे, एकदा निकालात निघालेला विषय पुन्हा उकरावा की नाही, याचे नियम संघाला माहीत होते, हे त्यांनी देशाला सांगितले. हे नियम बुद्धांनी त्या काळच्या गणराज्यांच्या सभांमधून घेतले असावेत, असे त्यांचे मत होते.

विनयपिटक उघडले की हे दिसते. आधी ञत्ती, म्हणजे प्रस्ताव. महत्त्वाच्या कामात प्रस्तावानंतर तीनदा विचारणा. मान्य असेल त्याने गप्प राहायचे, विरोध असेल त्याने बोलायचे. मतभेद राहिलाच तर शलाकांनी, म्हणजे लाकडी काड्यांनी मतदान. उपसंपदेसाठी दहा भिक्खू हवेत, दूरच्या प्रदेशात पाच चालतील. आणि महापरिनिर्वाणाच्या वेळी तथागतांनी गादीला वारस नेमला नाही. आपल्यामागे धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते, असे सांगितले.

त्याच भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल इशारा दिला. धर्मात भक्तीने मुक्ती मिळत असेल, राजकारणात ती हुकूमशाहीकडे नेते. हा इशारा देशासाठी होता, आणि जयजयकार करणाऱ्या प्रत्येक पक्षासाठीही.

अखेरचे वर्ष

१९५६ मध्ये प्रकृती ढासळत असतानाही ते पक्षाच्याच घडणीत गुंतले होते. १ जुलै १९५६ रोजी मुंबईत राजकारणात प्रवेश करणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू झाली. विद्यार्थी होते पंधरा आणि जबाबदारी होती ग्रंथपाल शां. शं. रेगे यांच्याकडे. लाखोंचे पुढारी असलेल्या माणसाने पंधरा विद्यार्थ्यांचा वर्ग काढला, कारण भाषण ऐकून कार्यकर्ता तयार होत नाही, तो शिकवावा लागतो.

सप्टेंबरअखेर फेडरेशन विसर्जित करून रिपब्लिकन पक्ष काढण्याचा निर्णय झाला. नव्या पक्षाची दारे सर्वांना उघडी राहणार होती. १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीत त्यांच्या टेबलावर जी कागदपत्रे होती त्यात बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेबरोबरच आचार्य अत्रे आणि एस. एम. जोशी यांना नव्या पक्षाबाबत लिहिलेली पत्रेही होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाले. राजकीय शाळा पुढच्या वर्षी मार्चमध्ये बंद पडली.

मागे काय उरले

३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली आणि एन. शिवराज अध्यक्ष झाले. दोनच वर्षांत, १९५९ मध्ये, दादासाहेब गायकवाड आणि बी. सी. कांबळे यांचे गट वेगळे झाले. एकीकडे गावोगाव भूमिहीनांना घेऊन सत्याग्रह करणारे जुने कार्यकर्ते, दुसरीकडे घटनात्मक मार्गाचा आग्रह धरणारे शिकलेले वकील. दोन्ही बाजूंची माणसे कष्टाळू होती आणि दोघांचीही बाबासाहेबांवर निष्ठा होती. भांडण सोडवणारे बाबासाहेब मात्र नव्हते, आणि दोघेही मान्य करतील अशी भांडण सोडवण्याची पद्धतही रुजलेली नव्हती. नंतर फूट पडतच गेली.

हे कटू आहे, पण सांगितले पाहिजे. मजूर पक्ष काय आणि फेडरेशन काय, अध्यक्षपदी कोणीही असो, लोक बाबासाहेबांच्याच शब्दावर चालत होते. देशाला नियमांची चौकट देण्यासाठी त्यांना जवळपास तीन वर्षे मिळाली. नव्या पक्षाला ती देण्यासाठी जेमतेम दोन महिने मिळाले. उरलेले काम त्यांच्यामागे असलेल्यांचे होते, आणि ते अजून उरलेलेच आहे.

आज कायदाही तेच मागतो. १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ खाली पक्षाची नोंदणी करायची तर निवडणूक आयोगाला पक्षाची घटना आणि नियम द्यावे लागतात. पण आयोगाच्या फायलीत कागद असणे वेगळे आणि शाखेत तो पाळला जाणे वेगळे. म्हणून तरुण मित्रांनो, आपल्या शाखेला चार प्रश्न विचारा. सभासदांची नोंदवही अद्ययावत आहे का? गेल्या बैठकीचे इतिवृत्त कोणी लिहिले आणि पुढच्या बैठकीत ते वाचले गेले का? जयंतीच्या वर्गणीचा हिशेब सर्वांसमोर मांडला का? अध्यक्षाची मुदत संपली की निवड होते, की तोच चालू राहतो? दहा जणांच्या शाखेत हे जमले नाही, तर राज्यभराच्या पक्षात कुठून जमणार?

मुळशी तालुक्यातल्या लवळ्याच्या टेकडीवर सिंबायोसिसचे विद्यापीठ आहे. त्याच संस्थेने पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर बाबासाहेबांचे स्मारक-संग्रहालय उभारले असून त्यांच्या वापरातल्या वस्तू तिथे जपल्या आहेत. मुळशी-मावळचे आपले तरुण ते पाहायला जातात, नतमस्तक होतात. अवश्य जावे. पण परत आल्यावर त्याच आठवड्यात शाखेची बैठक बोलवावी, विषयपत्रिका आधी वाटावी आणि झालेला प्रत्येक ठराव सूचक-अनुमोदकाच्या नावासह वहीत लिहावा. बाबासाहेबांच्या हातून अपुरे राहिलेले काम अशाच वह्यांमधून पुढे जाईल.

जय भीम!