साचा नंबर ४२९४२१

सेकंड इयरच्या फाउंड्री प्रॅक्टिकलला आपण सगळ्यांनीच कास्टिंग केलं आहे. माझा जॉब कोपऱ्यात भरलाच नव्हता. सरांनी विचारलं, साचा चुकला की धातू थंड होता? मी गप्प! ते उत्तर शोधायला लायब्ररीत बसले, धातूच्या कायमस्वरूपी साच्यांबद्दल वाचता वाचता भलतीकडेच गेले आणि पोचले ते थेट अमेरिकेतल्या एका काउबॉयपाशी. एल्मर कीथ त्याचं नाव. बंदुकांच्या जगात हे नाव माहीत नसलेला माणूस सापडणं कठीण. आपल्या हॉस्टेलमध्ये माहीत असलेला सापडणं त्याहून कठीण, म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. काडतूस उडालं की त्याची पितळी नळी शाबूत राहते. अमेरिकेत बरेच हौशी नेमबाज ती जपून ठेवतात आणि तिच्यात नवी टोपी, नवी दारू (बंदुकीची! उगाच खूश होऊ नका) आणि नवी गोळी बसवतात. गोळी शिशाची, घरीच ओतलेली. त्यासाठी दोन अर्ध्यांचा लोखंडी साचा लागतो. वरच्या पट्टीच्या भोकातून वितळलेलं शिसं ओतायचं, ते गोठलं की पट्टी फिरवून वरचा फुगा कापायचा आणि साचा उघडायचा. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा कोणी प्रोजेक्टला हा विषय घेऊ नये. पण साचा कुठला निवडायचा या प्रश्नात आपल्या तीन-चार विषयांचा सिलॅबस आहे, हे मात्र खरं.

कीथचा जन्म ८ मार्च १८९९ चा, मिसुरी राज्यातल्या हार्डिन गावचा. पुढे घरचे मोंटानात गेले. तिथे मिझूला गावात ते राहत होते त्या इमारतीला आग लागली आणि हा शाळकरी मुलगा भयानक भाजला. हनुवटी खांद्याला चिकटली, डावा हात वाकडाच भरून आला. डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. शेवटी त्याने वडिलांनाच सांगितलं की हाताची हाडं पुन्हा मोडा आणि सरळ बांधा. वडिलांनी ते केलं. हे त्याने स्वतःच्या आत्मचरित्रात लिहिलं आहे. मी तो भाग वाचून पुस्तक बाजूला ठेवलं आणि मेसला गेले, तर जेवण जाईना. तोच हात पुढे आयुष्यभर लगाम, रायफल आणि ओतायची पळी धरत राहिला.

त्या काळी मोंटानात अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) लढलेले म्हातारे अजून होते. पोरगा त्यांच्याभोवती बसून गोष्टी ऐकायचा. त्यांच्याकडून त्याला एक गंमत कळली. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये टोकदार लांबट गोळीपेक्षा साधी गोल गोळीच जास्त परिणामकारक ठरायची, असा त्यांचा अनुभव होता. म्हणजे नुसतं वजन किंवा टोक नव्हे, गोळीचं तोंड कसं आहे यावर सगळं अवलंबून. हा किडा त्याच्या डोक्यात कायमचा शिरला.

पुढे तो गुरं राखणं, घोडे वठणीवर आणणं अशी कामं करत वाढला. ४ जुलै १९२५ ला, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, त्याने आनंदाने हवेत बार काढायला जुनं ०.४५ इंची कोल्ट रिव्हॉल्व्हर काढलं आणि ते हातातच फुटलं. सिलिंडरचा वरचा भाग उडून गेला. त्याने त्यात रायफलसाठीची जाड, जड गोळी भरली होती. थोडक्यात, गोळी त्या बंदुकीच्या मापाची नव्हतीच. नशीब म्हणून वाचला. मला विचाराल तर त्याच्या आयुष्यातला खरा टर्निंग पॉइंट हाच. दुसरा कोणी असता तर बंदूक बदलून गप्प बसला असता. हा विचार करू लागला की फुटलं का?

उत्तर आपल्या स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पुस्तकात आहे. सिलिंडरचा बाहेरचा व्यास तेवढाच ठेवून आत सहा मोठी भोकं पाडली की भिंती पातळ होतात. भोकं जरा लहान पाडली की भिंती जाड, ताण कमी. म्हणून कीथ ०.४४ स्पेशल या काडतुसाकडे वळला. नावात ४४ असलं तरी गोळीचा व्यास असतो ०.४२९ इंच! (हे असं का, ते विचारू नका. आपल्याकडेही पाव इंची पाइप मोजून बघा.)

आता या काडतुसाला मनाजोगती गोळी हवी. ती बाजारात नव्हती, म्हणून त्याने स्वतः आराखडा काढला आणि लायमन कंपनीने त्यावरून साचा बनवला. तोच नंबर ४२९४२१. पहिले तीन आकडे व्यासाचे, पुढचे तीन आराखड्याचे. गोळी साधारण २५० ग्रेनची, म्हणजे सोळा ग्रॅमच्या आसपास. नाक रुंद आणि सपाट. मागे सारख्या रुंदीचे तीन पट्टे. पुढचा पट्टा पूर्ण व्यासाचा, कारण तो चेंबरच्या तोंडात बसून गोळीला मध्यावर धरतो. त्याच्या मागे काडतुसाची कड दाबून बसवायला तिरकी खाच, आणि त्याखाली ग्रीससाठी खोल, चौकोनी, सपाट तळाची खाच. ग्रीस कमी पडलं तर शिसं नळीला चिकटतं आणि नेम गेलाच समजा. एकही रेघ शोभेची नाही.

धातूसाठी तो जास्त जोराच्या काडतुसांना सोळा भाग शिसं आणि एक भाग कथील असं मिश्रण वापरायचा. कथिलामुळे धातू साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात नीट शिरतो. इथे मला माझ्या जॉबचं उत्तर मिळालं! साचा थंड असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात, फार तापला तर ती पांढुरकी, दह्यासारखी दिसते. पहिल्या काही गोळ्या परत भांड्यातच टाकायच्या असतात. आम्ही पहिलाच जॉब घेऊन सह्यांसाठी रांगेत उभे होतो.

चूक त्याच्याकडूनही झाली, किंवा निदान गैरसोय. ०.३५७ मॅग्नम हे काडतूस १९३५ मध्ये आलं. त्यात कीथची ०.३८ साठीची ३५८४२९ नंबरची गोळी तिच्या खाचेवर बसवली की काडतूस इतकं लांब व्हायचं की कंपनीच्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरबाहेर डोकवायचं. लोक मग जुनी आखूड नळी वापरायचे, नाहीतर कड पुढच्या पट्ट्यावरच दाबायचे. म्हणून साचा निवडताना नुसता व्यास आणि वजन बघून भागत नाही. खाचेपासून नाकापर्यंतची लांबी आपल्या सिलिंडरशी ताडून बघावी लागते. कीथची सगळ्यात गाजलेली गोळीसुद्धा चुकीच्या सिलिंडरमध्ये निरुपयोगी.

पुढे लायमनने चौकोनी खाच गोल केली. गोल खाचेतून गोळी सहज सुटते, हे ड्राफ्ट अँगल शिकलेल्या कुणालाही कळेल. पण ग्रीस कमी मावतं. कीथ त्यावर वर्षानुवर्षं लेखांतून चिडचिड करत राहिला आणि वाचकांना हेन्स्ली अँड गिब्जचा ५०३ नंबरचा साचा घ्या असं सांगत राहिला, कारण त्यात त्याचा आराखडा जसाच्या तसा होता. एका खाचेसाठी माणूस किती भांडू शकतो! आधी मला हसू आलं. मग आठवलं, सहा इंच दूर फुटलेलं सिलिंडर त्याने पाहिलेलं होतं.

त्याच्याच पाठपुराव्यातून १९५५ च्या अखेरीस ०.४४ मॅग्नम आलं. त्याची नळी मुद्दाम एक अष्टमांश इंच लांब ठेवली, म्हणजे ते जुन्या, कमकुवत रिव्हॉल्व्हरमध्ये शिरूच नये. १९२५ चा अपघात दुसऱ्या कुणाचा होऊ नये याची याहून सोपी सोय मला तरी सुचत नाही.

माणूस म्हणून तो मला पूर्ण आवडला असं नाही. बुटका, डोक्यावर भलीमोठी हॅट, आणि स्वतःबद्दल बोलायला लागला की थांबत नसे. दुसऱ्याच्या गोळीने जखमी झालेलं हरीण आपण सहाशे यार्डांवरून रिव्हॉल्व्हरने पाडलं, असं त्याने लिहिलं आणि लोक त्यावरून आजही भांडतात. जॅक ओकॉनर या दुसऱ्या लेखकाशी हलकी गोळी की जड गोळी यावरून त्याचं अनेक वर्षं वाजत होतं. इतक्या शिकारी वाचून मला अस्वस्थ व्हायला झालं, हेही कबूल करते. आमच्या रूमवर यावरून वाद झाला. रूममेटचं म्हणणं, अशा माणसावर लिहायचंच कशाला? मी म्हटलं, आराखडा बघ. ती म्हणाली, आराखडा कशासाठी होता तेही बघ. वाद मिटला नाही.

१९८१ मध्ये त्याला पक्षाघात झाला आणि पुढची वर्षं अंथरुणातच गेली. १४ फेब्रुवारी १९८४ ला तो वारला. गावात नेमाने लेख खरडणारा हा माणूस, कॉलेज पाहिलेलं नाही, आणि त्याच्या आराखड्यावरून आजही साचे कापले जातात. घेणारे अजून आधी तीच गोष्ट तपासतात, ग्रीसची खाच चौकोनी आहे की गोल.